पीळ पाठीला, श्वास पोटाला

वसई, पारनाका

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला व्हिडिओ नीट पाहिला. त्यातली मुलगी अर्धमत्स्येंद्रासन सुरेख करते. पाठ ताठ, बैठक पक्की, मान शेवटी वळवलेली. शिकवणाऱ्याला समाधान वाटावं असं आसन. पण ओला कपडा पिळावा तसं यकृत पिळलं जातं, साचलेली विषद्रव्यं निघून जातात आणि सोडलं की ताजं रक्त भरतं, असं ती सांगायला लागली तेव्हा मला राहवेना. खाली तू लिहिलंयस, ‘आत्या, हे खरं का? मी रोज रात्री जेवण झाल्यावर करते, तरी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. आता तर डाव्या कुशीत दुखतं.’

आधी एक कर. जेवणानंतरचं हे आसन आजपासून बंद. भरल्या पोटावर मांडी दाबून फिरायचं नसतं. जेवण आणि आसन यांच्यात तीन-चार तास जायलाच हवेत. दुखणं त्यानेही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा, माझ्या पत्राच्या भरवशावर राहू नकोस. बाकीचं मी सविस्तर लिहितेय, आणि उघड लिहितेय. पहाटे विरारहून गाडी पकडणाऱ्या तुझ्यासारख्या कितीतरी मुली माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात.

उजवा हात उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेव. तुझं यकृत त्या बरगड्यांच्या आत आहे. दीड किलोच्या आसपास वजन, वरून श्वासपटलाला बांधलेलं, बाजूंनी हाडांचा पिंजरा. आता बसल्या बसल्या उजवीकडे वळ आणि कुठून वळतेस ते बघ. वाटतं कमरेतून वळलो, पण कमरेच्या पाच मणक्यांचे मागचे सांधे उभे बसवलेले असतात. त्यांना पुढे-मागे वाकता येतं, फिरता मात्र प्रत्येकी जेमतेम एक-दोन अंश येतं. खरं फिरणं होतं ते छातीच्या बारा मणक्यांत, खांद्यांत आणि मानेत. म्हणजे यकृत ज्या पिंजऱ्यात आहे तो पिंजराच यकृतासकट वळतो. पिळायला त्याच्यापर्यंत हात पोचत नाही.

आतड्यांचंही तसंच. लहान आतडं सहा-एक मीटर लांब, एका पातळ पडद्याने मागच्या भिंतीला टांगलेलं. दाबलं की ते बाजूला सरकतं. ते सरकतं म्हणूनच तू वाकतेस, वळतेस, गर्दीत दाराशी चेंगरतेस तरी आत काही बिघडत नाही. आतड्याला खरोखर पीळ पडतो तेव्हा ती शस्त्रक्रियेची वेळ असते. असह्य कळा, पोट टम्म, वायू आणि शौच दोन्ही बंद, उलट्या. असं कधी कुणाला झालं तर पोट चोळत बसायचं नाही, आसन तर मुळीच करायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

आता विषद्रव्यांचं. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं जवळपास पाऊण आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं, खाल्ल्या अन्नाचं सगळं घेऊन. पेशींतली विकरं त्यातल्या नको त्या गोष्टींचं रूप बदलतात, मग त्या पित्तातून किंवा मूत्रपिंडांतून बाहेर पडतात. हे काम रात्रंदिवस चालतं, तू झोपलेली असतानाही. तीस सेकंदांच्या आसनाने त्याला वेग येतो असं कुणी दाखवून दिलेलं नाही. आणि यकृतात काही साचून राहिलंय, ते पिळून काढायचंय, हे चित्रच मुळात चुकीचं आहे.

ही कल्पना आली कुठून? हठप्रदीपिकेत मत्स्येंद्रासनाचं पोटासाठीचं फळ सांगितलंय ते जठराग्नी प्रदीप्त होण्याचं. पिळण्याचा, रक्त बाहेर काढून परत भरण्याचा शब्दही तिथे नाही. पिळणं आणि भिजवणं ही भाषा गेल्या शतकातली, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या परंपरेतून जगभर गेलेली. गुरुजींबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. आजारी, वयस्क, ताठरलेल्या माणसांना खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा देऊन त्यांनी जे आसनांत बसवलं, तेवढं फार थोड्यांनी केलं. विद्यार्थ्याला आतून काय जाणवायला हवं ते सांगण्यासाठी गुरू अशी चित्रं वापरतो, तो त्याचा अधिकार आहे. पण शिष्याच्या शिष्याने तेच वाक्य शरीरशास्त्राचा नियम म्हणून सांगितलं की घोटाळा होतो. मग तुझ्यासारखी मुलगी पोट साफ होईना म्हणून आणखी जोरात पिळत बसते.

म्हणून तुला आपल्याच माणसाचं उदाहरण सांगते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. १८८३चा जन्म, बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचं शिक्षण, अमळनेरला अध्यापन, आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग. आसनांचे फायदे त्यांनी ऐकले होते, स्वतः अनुभवले होते, तरी तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९२०च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्यांची क्ष-किरण तपासणी केली. आतडी चित्रात दिसावीत म्हणून बेरियमचा उपयोग केला. पुढे १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं आणि प्रयोग त्यात छापले, चित्रांसकट.

पाण्यात बसून नौली करताना मोठ्या आतड्यात पाणी आपोआप वर ओढलं जातं हे साधकांना माहीत होतं. का, हे कुणी मोजलं नव्हतं. स्वामीजींनी आतड्यातला दाब मोजला तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली गेलेला दिसला. आत खरीखुरी पोकळी निर्माण होते, पाणी त्यामुळे चढतं. गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी तिला माधवदास पोकळी असं नाव दिलं. शंभर वर्षांपूर्वी, परतंत्र देशात, एका मराठी शिक्षकाने हठयोगाच्या क्रियेला दाबमापक लावला. योगाची थोरवी सांगताना आपण याचा उल्लेख किती कमी करतो! मला तर कुठल्याही चमत्कारापेक्षा हे मोठं वाटतं.

त्यांनी आतला बदल मोजला तो कशाचा, बघ. उड्डियानाचा आणि नौलीचा. श्वास पूर्ण सोडायचा, मग छाती फुलवायची पण हवा आत घ्यायची नाही. श्वासपटल उंच चढतं, त्याच्यामागोमाग पोटातले अवयव वर ओढले जातात. अवयव जागचे हलवण्याची ताकद श्वासपटलात आहे. साधा श्वास घेतानासुद्धा यकृत एक-दोन सेंटिमीटर खाली-वर होतं, खोल श्वासात त्याहून जास्त. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही हालचाल हिशोबात धरावी लागते, नाहीतर किरण नेमक्या जागी पडत नाहीत. यकृत, जठर, प्लीहा, सगळे श्वासपटलाला खेटून आहेत. दिवसभरात हजारो वेळा त्यांना हलवणारी ही गोष्ट तुझ्याजवळ जन्मापासून आहे. पीळ घालताना तू श्वास रोखून, दात आवळून बसलीस तर तीच बंद पडते.

मग पिळाच्या आसनांचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. पाठीच्या लहान स्नायूंना आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना ताण मिळतो. दिवसभर खुर्चीत वाकून आखडलेली छाती सुटते, त्यामुळे श्वास मोकळा होतो. पोटाचे तिरके स्नायू कामाला लागतात. मांडी पोटाशी येते तेव्हा मोठ्या आतड्यावर बाहेरून हलका दाब येतो. मोठं आतडं पोटात उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं, म्हणून आधी उजवी बाजू, मग डावी, असा क्रम जुने शिक्षक सांगतात. बद्धकोष्ठासाठी पोटाचं मालिश करतात तेही याच दिशेने, आणि त्याचा काही रुग्णांना फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. आसनातल्या दाबाने तेवढंच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. क्रम पाळावा, चुकला तर घाबरू नये. शरीराची स्थिती बदलली, हलकी हालचाल झाली की अडकलेला वायू पुढे सरकतो, हे मात्र मोजून पाहिलेलं आहे. आसनानंतर तुला हलकं वाटत असेल तर ते खोटं नाही.

याहून मोलाचं एक आहे. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. मेंदू आणि आतडी यांना जोडणारी जी मोठी नस आहे, तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे बातम्या नेतात. धावपळीत, काळजीत, घाबरलेल्या अवस्थेत पचन मागे पडतं. कुणाचं पोट बांधून राहतं, कुणाला परीक्षेच्या दिवशी चारदा जावं लागतं. संथ, लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते, शरीर निवांत होतं, आणि आतडी आपलं काम पुन्हा हाती घेतात.

दिल्लीच्या एम्समध्ये २००४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्याच्या चिडखोरपणामुळे वारंवार जुलाब होणारे २२ पुरुष. एका गटाला नेहमीचं औषध, दुसऱ्याला आसनं आणि प्राणायाम. दोन महिन्यांनी दोन्ही गटांचा त्रास कमी झालेला होता. जर्मनीत २०१८ साली ५९ रुग्णांवर योग आणि विशिष्ट पथ्याहार यांची तुलना झाली. दोन्हींचा गुण आला, दोघांत म्हणावा असा फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहेत, पण प्रामाणिक आहेत. त्यांत कुणी नुसता पीळ घातलेला नाही. आसनं, श्वास, शिथिलीकरण, स्वतःसाठी काढलेला वेळ, असं सगळं मिळून ते झालंय.

आता तुझ्या दिवसाकडे ये. रागावू नकोस, हे मी प्रेमाने लिहितेय.

तू पाच वाजता उठतेस. पाणी ठरल्या वेळेला येतं म्हणून भरायला उभी राहतेस. दोन डबे करतेस. उभ्याने चहा घेतेस आणि रिक्षा पकडतेस. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, फास्ट गाडीलाही सव्वा-दीड तास, डब्यात संडास नाही. वाटेत जायला लागू नये म्हणून निघण्याआधी पाणी पीत नाहीस. हे तूच मला सांगितलंस, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या बायका हेच सांगतात. ऑफिसात स्वच्छतागृह नकोसं वाटतं म्हणून तिथेही टाळतेस. पहिलं धड खाणं दुपारी एकला.

आपलं मोठं आतडं सकाळी उठल्यावर जागं होतं, आणि पोटात काही पडलं की आणखी जोराने चालू लागतं. दिवसातली सगळ्यात चांगली संधी ती. नेमकी तीच तू रोज वाणगावच्या, सफाळ्याच्या बायकांनी भरलेल्या डब्यात पाय टेकायला जागा शोधत घालवतेस. आलेली जाणीव दाबली की थोड्या वेळाने ती विरून जाते. मल आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषून घेत राहतं, तो कडक होतो. रोज असं झालं की जाणीवच बोथट होते. तुझ्या पोटाचं दुखणं इथे आहे, बाळ. रात्री कितीही पीळ घातलास तरी सकाळची निवांत वीस मिनिटं त्यातून मिळणार नाहीत.

म्हणून जावईबापूंना माझा निरोप दे, सकाळचं पाणी त्यांनी भरायचं. त्यांनाही त्याच गाडीने जायचंय हे मला ठाऊक आहे, पण त्यांचं पोट व्यवस्थित आहे. तू उठल्यावर पेलाभर कोमट पाणी पी, एखादं केळं किंवा घावन खा, आणि मग घाई न करता जाऊन बस. कमोड असेल तर पायांखाली पाट घे, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. झालं नाही तर कुंथायचं नाही, उठायचं. पण वेळ मोडायची नाही. शरीर वेळेला सवकतं, त्याला काही आठवडे लागतात.

खाण्याचं तुला मी काय सांगू? वसईच्या वाड्यांतली भाजी दादर-माटुंग्याचे लोक वाट पाहून घेतात, आणि आपल्या डब्यात पाव नि बिस्किटं. वसईतल्या होळी बाजारात पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, वालपापडी, दुधी, जे ताजं मिळेल ते घे. भाकरी ठेव. आगाशीची सुकेळी पर्समध्ये टाक, चार वाजताच्या वेफर्सऐवजी. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. मात्र एकदम वाढवू नकोस, वायू धरेल. आणि चोथ्याबरोबर पाणी नसेल तर तोच चोथा अडून बसतो, म्हणून ऑफिसात पोचल्यावर पाणी टाळायचं नाही.

आता आसन. अर्धमत्स्येंद्रासन तूर्त राहू दे, वक्रासन कर. संध्याकाळी आल्यावर, जेवणाआधी. दोन्ही पाय पसरून बस. उजवा गुडघा उभा कर, पाऊल डाव्या गुडघ्याशेजारी. उजवा तळहात पाठीमागे जमिनीवर, माकडहाडापासून वीतभर लांब. डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरून. श्वास घेताना फिरायचं नाही, फक्त कणा उंच करायचा. सोडताना जेवढी सहज वळशील तेवढीच वळ. मान शेवटी. तिथे थांब आणि डाव्या बरगड्यांकडे लक्ष दे. मांडीमुळे पोट पुढून अडलंय, तेव्हा श्वास कुशीत आणि पाठीत शिरायला लागेल. तिथली कातडी ताणते, सैल होते, हे जाणवलं की आसन बरोबर लागलं. चेहरा आवळला किंवा श्वास तुटक झाला तर थोडी मागे ये. चार-पाच संथ श्वास, मग दुसरी बाजू. त्याआधी पवनमुक्तासन, नंतर दहा मिनिटं शवासन, आणि ते वगळायचं नाही. तुला शवासनाचा कंटाळा आहे, पण तुझ्या आतड्यांना त्याचीच जास्त गरज आहे. ऑफिसात जेवणाआधी खुर्चीत आडवी बसून, खुर्चीची पाठ धरून हळूच वळलीस तरी चालेल. कुणी बघत नाही आणि बघितलं तर शिकेल.

उड्डियान शिकावंसं वाटेल तर माझ्याकडे ये, व्हिडिओवरून करू नकोस. रिकाम्या पोटीच करायचं असतं. पाळी चालू असताना, गर्भारपणात, रक्तदाब, हृदयविकार, अल्सर, हर्निया असताना ते वर्ज्य. मीठपाणी पिऊन शंखप्रक्षालन करायचं खूळही डोक्यातून काढ. तिथे वळण्याची आसनं असतात हे खरं, पण आतडी धुते ती मुख्यतः खारट पाण्याची मात्रा, आणि ती रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते. शिक्षकाच्या नजरेखाली वर्षातून एखाद्या वेळी करायची ती गोष्ट आहे, दर रविवारची नाही. पुढे दिवस राहिले तर पोट दाबलं जाईल असा कुठलाही पीळ बंद करायचा, खांद्यातून मोकळं वळणं तेवढं ठेवायचं.

आणि काही लक्षणं अशी आहेत की तिथे आसनाचं नावही काढायचं नाही. शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय. आपल्याकडे बायका हे महिनोन्महिने लपवतात, मूळव्याध असेल म्हणून घरगुती लेप लावतात. तुझ्या आईला बजाव, शेजारणींना सांग.

तुझं ऑफिस चर्चगेटला आहे. एखाद्या दिवशी लवकर सुटलीस तर मरीन ड्राइव्हवर चर्नी रोडच्या बाजूला कैवल्यधामचं केंद्र आहे, तिथे डोकावून ये. स्वामीजींचं काम मुंबईत तिथे आजही चालू आहे. तिथल्या शिक्षकांना प्रश्न विचार, खूप विचार.

एक राहिलंच. सासूबाई तुझ्याबरोबर पुढे वाकून पीळ घालतात असं तू मागे म्हणाली होतीस. त्यांचं वय पासष्टच्या पुढे, गेल्या वर्षी मनगट मोडलेलं. हाडं ठिसूळ असतील तर वाकलेल्या पाठीने वळताना मणका दबू शकतो. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आसनांनंतर असे मणके दबलेले रुग्ण नोंदवलेत. आपण भेटेपर्यंत सासूबाईंना फक्त ताठ बसून दीर्घ श्वास करू दे. येत्या रविवारी त्यांना घेऊन ये, हाडांच्या घनतेची तपासणी झाली असेल तर त्याचा कागद आण, नसेल तर आधी ती करून घ्या. सकाळी साडेसातला या, दोघीही काही न खाता. वर्ग आटोपला की नाश्ता माझ्याकडेच.

तुझी,
आत्या